शुगर ३८ आली? डेक्स्ट्रोजच्या आधी रक्त घ्या

पहाटे घरचे उठवायला गेले तर माणूस असंबद्ध बोलतोय, उशी घामाने भिजलेली, कधी हातपाय झटकतोय. कॅज्युअल्टीत बोटाला टोचलं तर ग्लुकोमीटरवर ३८. सिस्टर शीर शोधतात, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, जातं आणि पाच-दहा मिनिटांत माणूस उठून बसतो, "मला इथे कशाला आणलंत?" म्हणून विचारतो. मधुमेह नाही, मधुमेहाची कुठलीही गोळी नाही. डिस्चार्ज कार्डावर "हायपोग्लायसेमिया, कारण अज्ञात" असं लिहून तो घरी जातो. पुढे एमआरआय होतो, ईईजी होतो, फिटच्या गोळ्या सुरू होतात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

डेक्स्ट्रोज लगेच द्यायलाच हवं, त्यात शंका नाही. पण सुई शिरेत गेलेलीच असते. त्याच टोचण्यात आधी १० मिली रक्त ओढून घ्यायला एक मिनिट पुरतं. स्वादुपिंडातली इन्शुलिन तयार करणारी गाठ, म्हणजे इन्शुलिनोमा, आहे की नाही याचं उत्तर त्या १० मिलीत असतं. साखर वर गेल्यावर घेतलेल्या रक्तात ते सापडत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या रक्ताबद्दल आहे. स्कॅनबद्दल शेवटी थोडं येईल, कारण स्कॅनची पाळीही शेवटीच येते.

रक्त असं वाटून घ्या: एक राखाडी टोपीचा फ्लोराइड बल्ब ग्लुकोजसाठी. दोन प्लेन बल्ब, त्यांत इन्शुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) आणि सल्फोनिलयुरियाची (मधुमेहाच्या गोळ्यांच्या एका गटाची) तपासणी. एक जांभळ्या टोपीचा ईडीटीए बल्ब बर्फावर, प्रोइन्शुलिनसाठी, म्हणजे इन्शुलिनच्या आधीच्या रूपासाठी. शिवाय रक्तातले कीटोन, म्हणजे बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट. हे बोटाच्या थेंबावर कीटोनच्या पट्टीनेही पाहता येतं. प्रत्येक बल्बवर वेळ लिहा, आणि त्या वेळी रुग्ण कसा होता तेही केसपेपरवर लिहा. सगळ्या तपासण्या त्याच रात्री करायची गरज नाही. सीरम वेगळं करून गोठवून ठेवलं आणि आधी फक्त ग्लुकोज केलं तरी चालतं. लॅबचं ग्लुकोज खरंच ५५ च्या खाली आलं, तरच पुढचा खर्च.

ग्लुकोमीटरचा आकडा निदानासाठी का चालत नाही, हे घरच्यांना नीट सांगावं लागतं. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या वाचनांपैकी ९५ टक्के वाचनं लॅबच्या आकड्यापासून १५ मिलीग्रॅमच्या आत असली की यंत्र पास होतं. म्हणजे ५५ दाखवलं तर खरी साखर ४० असू शकते आणि ७० सुद्धा. मधुमेह सांभाळायला एवढी अचूकता पुरते, पण ५५ ची रेघ आखून निदान करायला पुरत नाही. दंडावर लावायच्या सेन्सरचंही तसंच. रात्री त्या कुशीवर झोपलं की दाबामुळे सेन्सर खोटी कमी साखर दाखवतो. सेन्सरचा आलेख "केव्हा रक्त घ्यायचं" हे सांगायला उत्तम, पुरावा म्हणून नाही.

आता उलट चूक. लक्षण एकही नाही, पण हेल्थ चेकअपमध्ये ग्लुकोज ४८ आलं आणि घरभर घबराट. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा सकाळी साडेसहाला कोथरूडमधून निघतो, दहा घरं करत, मे महिन्याच्या उन्हात, सिग्नलवर थांबत साडेनऊला लॅबला पोचतो. रक्त फ्लोराइडशिवाय असेल तर तांबड्या पेशी वाटेत ग्लुकोज खात असतात. साध्या तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के. फ्लोराइडही लगेच काम करत नाही. ते ज्या टप्प्यावर साखरेचं विघटन रोखतं तो टप्पा उशिराचा असल्यामुळे पहिला तास-दोन तास घट चालूच राहते. म्हणून संशय खरा असेल तेव्हा रुग्णाने लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं आणि अर्ध्या तासात ते सेंट्रिफ्यूजला लागावं. पांढऱ्या पेशी अफाट वाढलेल्या असतील, उदाहरणार्थ ल्युकेमियात, तर बल्बमधली साखर याहून झपाट्याने पडते.

रक्त बल्बमध्ये फुटलं, म्हणजे हिमोलाइज झालं, तर इन्शुलिनचा आकडा खोटा कमी येतो, कारण तांबड्या पेशींतलं एन्झाइम इन्शुलिन तोडतं. बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त असं फुटतं. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या १० मिलीग्रॅमच्या गोळ्याही काही यंत्रांवर इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड खोटं कमी दाखवतात. कुणी त्या गोळीला औषध समजत नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय सांगत नाही. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद हवी.

मग रिपोर्ट हातात येतो, आणि सगळ्यात जास्त निदानं इथे हुकतात असं माझं ठाम मत आहे. ग्लुकोज ४१, इन्शुलिन ८. इन्शुलिनपुढे छापलेली रेंज २.६ ते २४.९. आकडा रेंजमध्ये, ठळक अक्षर नाही, तारा नाही. "इन्शुलिन नॉर्मल आहे" म्हणून फाइल बंद होते. पण ती रेंज साखर नॉर्मल असलेल्या उपाशी माणसाची आहे. साखर ४१ वर आली की निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन जवळजवळ थांबवतं. तिथे ८ म्हणजे नळ बंद करूनही पाणी वाहतंय. गाठीतल्या पेशी साखरेचं ऐकत नाहीत, आजार म्हणतात तो हाच. म्हणून छापील रेंजवर बोट फिरवू नका, शेजारचं ग्लुकोज पाहा.

अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातले आकडे आजही वापरात आहेत. प्लाझ्मा ग्लुकोज ५५ मिलीग्रॅमच्या खाली असताना इन्शुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त, प्रोइन्शुलिन ५ पिकोमोल किंवा जास्त, आणि बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट २.७ मिलिमोल किंवा कमी. पहिले तीन आकडे इन्शुलिन थेट मोजतात. चौथा त्याचा परिणाम मोजतो: इन्शुलिन असेल तर चरबी वितळत नाही आणि कीटोन तयार होत नाहीत. दीर्घ उपाशी माणसाच्या रक्तात कीटोन नसणं हे फार बोलकं असतं. इन्शुलिन आणि ग्लुकोजचं गुणोत्तर काढायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. ती सोडून द्यावी, तिने गोंधळच जास्त होतो. मूत्रपिंड निकामी असेल तर सी-पेप्टाइड बाहेर पडत नाही आणि आकडा फुगतो, म्हणून क्रिएटिनिन सोबत हवंच.

हे चारही आकडे जुळले तरी अजून इन्शुलिनोमा म्हणायचं नाही. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, रक्तात अगदी हेच चित्र उभं करतात, कारण त्या स्वतःच्याच स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेतात. घरात सासऱ्यांना मधुमेह, गोळ्यांचा डबा एकच, चष्मा सापडत नाही. औषधाच्या दुकानात मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच स्ट्रिप दिली गेली. "शुगरवर देशी पावडर" म्हणून घेतलेल्या पुडीत आधुनिक गोळी मिसळलेली. हे सगळं होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा, डबे, पुड्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि एकेक नाव वाचा. सल्फोनिलयुरियाची तपासणी त्याच, साखर कमी असतानाच्या, रक्तावर व्हायला हवी. आठवड्याने पाठवलेल्या रक्तात गोळी नसेल तर त्याचा काहीही अर्थ निघत नाही. लॅब तपासते त्या गोळ्यांच्या यादीत रेपॅग्लिनाइड, ही अशीच इन्शुलिन सोडवणारी गोळी, आहे का, तेही विचारून घ्या.

बाहेरून इन्शुलिन टोचलेलं असेल तर चित्र वेगळं: इन्शुलिन जास्त, सी-पेप्टाइड तळाला. इंजेक्शनच्या इन्शुलिनसोबत सी-पेप्टाइड येत नाही. काही यंत्रं तर नव्या इन्शुलिन प्रकारांना ओळखतच नाहीत, मग दोन्ही आकडे कमी येतात आणि डोकं चक्रावतं.

इन्शुलिनचा आकडा शंभराच्या पुढे, कधी हजारात गेला तर गाठीच्या आधी अँटीबॉडीचा विचार करा. शरीर इन्शुलिनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, त्या इन्शुलिनला धरून ठेवतात आणि अवेळी सोडतात. जपानमध्ये १९७० मध्ये हिराता यांनी हा आजार प्रथम वर्णन केला. आपल्याकडे त्याचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. तो गंधकयुक्त औषधांनी सुरू होऊ शकतो आणि त्यांतलं अल्फा लिपोइक अ‍ॅसिड पायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या असंख्य "नसांच्या" कॅप्सूलमध्ये घातलेलं असतं. थायरॉइडवरचं कार्बिमाझोलही याच यादीतलं. इन्शुलिन अँटीबॉडीची तपासणी साखर नॉर्मल असतानाही करता येते. ती न करता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेलेला रुग्ण म्हणजे टाळता आलं असतं असं संकट. सकाळचं कॉर्टिसॉल आणि यकृताच्या तपासण्या या तर सुरुवातीलाच झालेल्या असाव्यात. वजन कमी करण्याची पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही विचारा. अशा रुग्णांची साखर जेवणानंतर दोन-तीन तासांनी पडते आणि कारण बहुधा वेगळं असतं.

इतिहास विचारताना पुण्यात एक सोपी चौकशी फार उपयोगी पडते: संकष्टीला काय खाता? रात्री नऊला जेवून दुसऱ्या दिवशी चंद्रोदयापर्यंत खरंच फक्त पाण्यावर राहणारा माणूस जवळजवळ चोवीस तासांचा उपास आपणहून करतो. इन्शुलिनोमाच्या दोनतृतीयांशाहून अधिक रुग्णांची साखर तेवढ्या वेळात पडते. हरतालिकेचा निर्जळी उपास त्याहून कडक. पण दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी रताळ्याचा कीस झाला असेल तर तो उपास या कामाचा नाही, ते सगळं पिष्टच. तेव्हा "उपास सोसत नाही" एवढ्यावर थांबू नका. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता झाला, असं तासाच्या हिशेबाने लिहून घ्या. तसंच रिकाम्या पोटी पर्वती किंवा सिंहगड चढताना चक्कर, दुहेरी दिसणं, वाट चुकणं. घाम, थरथर आणि धडधड ही लक्षणं सगळ्यांना माहीत असतात, पण वारंवार साखर पडणाऱ्यांत शरीराची ती धोक्याची घंटा मंदावते आणि थेट मेंदूचीच लक्षणं दिसतात: चिडचिड, विचित्र वागणं, बोबडं बोलणं, फिट. घरच्यांना ते अंगात आल्यासारखं वाटतं, डॉक्टरांना अपस्मार किंवा मानसिक आजार. रुग्णाला स्वतःला काही आठवत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. रात्री तीनला उठून लाडू खायची सवय, उशाशी बिस्किटाचा पुडा, वर्षभरात वाढलेलं वजन, हे त्यांच्याच तोंडून कळतं. मोबाइलवर काढलेला त्या वेळचा व्हिडिओ आणि ग्लुकोमीटरच्या आकड्याचा फोटो कुठल्याही वर्णनाहून कामाचा.

घरी मात्र रक्तासाठी थांबायचं नाही. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा.

आपोआप त्रास होतानाचं रक्त मिळत नसेल तर रुग्णालयात भरती करून उपासाची चाचणी, जास्तीत जास्त ७२ तासांची. शेवटचा घास संपला ती वेळ म्हणजे शून्य तास, भरतीची वेळ नव्हे. सोमवारी सुरू करावी. शुक्रवारी संध्याकाळी सुरू केली की नेमकं रविवारी पहाटे लॅबमध्ये कुणी नसतं. पाणी हवं तेवढं. चहा बिनसाखरेचाही नाही. अत्यावश्यक नसलेली औषधं बंद. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीचं औषध) चालू असेल तर लक्षणं झाकली जातात, त्याचा निर्णय आधी घ्या. दिवसा रुग्णाने वॉर्डात चालत-फिरत राहावं, पडून राहू नये. शीर उघडी ठेवायला सलाइन लॉक, डेक्स्ट्रोज नव्हे.

ही चाचणी बिघडते ती बहुधा माणसांच्या मायेमुळे. भेटायला आलेली आत्या पेढा भरवते, दगडूशेठचा प्रसाद नाही म्हणवत नाही, रात्रपाळीच्या सिस्टर नेहमीच्या सवयीने डीएनएस, म्हणजे डेक्स्ट्रोज असलेलं सलाइन, लावतात. खाटेवर मोठा फलक लावा, रुग्णाला आणि नातेवाइकांना कारण समजावून सांगा, आणि प्रत्येक पाळी बदलताना तोंडी सांगा.

दर सहा तासांनी लॅबमध्ये ग्लुकोज. ६० च्या खाली गेलं की दर एक-दोन तासांनी. थांबायचं केव्हा? ४५ च्या खाली आणि सोबत लक्षणं. किंवा आधी कधी लक्षणं, कमी साखर आणि साखरेने बरं वाटणं या तिन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या असतील तर ५५ च्या खाली. ही त्रयी अ‍ॅलन व्हिपल या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. लक्षणं तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, सही करायला सांगा आणि सकाळच्या सहीशी ताडून पाहा. नुसत्या आकड्यावर चाचणी थांबवणं ही नेहमीची घाई आहे. सडपातळ निरोगी बायकांची साखर लांबलेल्या उपासात ४० च्या घरातही जाते, लक्षणं नसतात, इन्शुलिन ३ च्या खाली असतं आणि कीटोन भरपूर. तो आजार नव्हे.

शेवटी वर सांगितलेलं सगळं रक्त घ्या, मग १ मिलीग्रॅम ग्लुकागॉन (साखर वर नेणारं हार्मोन) शिरेतून, आणि १०, २० व ३० मिनिटांनी ग्लुकोज. २५ मिलीग्रॅम किंवा जास्त वाढलं तर यकृतात साखरेचा साठा शिल्लक आहे, म्हणजे इन्शुलिनने तो अडवून ठेवला होता. ग्लुकागॉन आयत्या वेळी मिळेलच असं नाही, चाचणीच्या आधी मागवून फ्रिजमध्ये ठेवा. मग जेवण. ४८ तासांत ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांचं उत्तर मिळतं, ७२ तासांत जवळजवळ सगळ्यांचं. थोड्या रुग्णांना फक्त जेवणानंतर त्रास होतो. त्यांना नेहमीचं मिश्र जेवण देऊन पाच तास पाहायचं. ग्लुकोजचं पाणी पाजून केलेली लांब जीटीटी यासाठी करू नका, त्यात निरोगी माणसांचीही साखर खाली जाते.

आता स्कॅन. रक्ताने सिद्ध झाल्याशिवाय सीटी करू नये याचं कारण साधं आहे. हा आजार वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगर पन्नास लाखांच्या थोडं वर होतं. त्या हिशेबाने वर्षाला पाच ते वीस नवे रुग्ण. त्या मानाने स्वादुपिंडात दिसणारे निरुपद्रवी ठिपके आणि शेपटाजवळची छोटी जादा प्लीहा कितीतरी जास्त, आणि ती प्लीहा सीटीवर हुबेहूब गाठीसारखी चमकते. उलट खरी गाठ बहुधा २ सेंटिमीटरहून लहान असते आणि साध्या "पोटाचा सीटी" मध्ये निसटते. फॉर्मवर स्वादुपिंडाचा प्रोटोकॉल, आर्टेरियल फेजसह, पातळ स्लाइस, आणि "इन्शुलिनोमा सिद्ध, जागा शोधणे" असं स्पष्ट लिहा. गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असल्यामुळे कॉन्ट्रास्ट गेल्यावर सुरुवातीच्या काही सेकंदांतच उठून दिसते. स्कॅनसाठी उपाशी राहायला सांगतात, तेव्हा पहिली वेळ मागा आणि ग्लुकोजची सोय जवळ ठेवा. सिद्ध झालेल्या रुग्णाला वेटिंगमध्ये पाच तास उपाशी बसवणं धोक्याचं आहे.

सीटी-एमआरआयमध्ये दिसलं नाही तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. जठरातून आणि ड्युओडेनममधून पाहत असल्यामुळे स्वादुपिंडाचं डोकं आणि मधला भाग छान दिसतो, शेपूट कमी. डोटाटेट पेट स्कॅन महाग आहे आणि साध्या, कर्करोग नसलेल्या इन्शुलिनोमात पुष्कळदा काहीच दाखवत नाही, कारण डोटाटेट ज्याला चिकटतं तो रिसेप्टर त्या पेशींवर कमी असतो. एक्झेंडिन पेट याहून पुष्कळ सरस. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात त्यावर काम झालं आहे. त्या इंजेक्शननेच साखर पडू शकते, म्हणून ग्लुकोज चालू ठेवूनच तो करतात. तरीही जागा सापडली नाही तर स्वादुपिंडाच्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेतलं इन्शुलिन ०, २०, ४० आणि ६० सेकंदांना मोजतात. ज्या धमनीनंतर ते दुप्पट होतं, त्या धमनीच्या हद्दीत गाठ. हे अनुभवी हातांचं काम आहे.

रुग्ण तरुण असेल, गाठी एकाहून जास्त असतील किंवा घरात मुतखडे, पॅराथायरॉइड, पिट्युटरीचे आजार असतील तर कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं हार्मोन) करून एमईएन-१ हा आनुवंशिक प्रकार आहे का ते ऑपरेशनच्या आधी पाहा. त्यात ऑपरेशनचा बेतच बदलतो.

जागा सापडेपर्यंतचे दिवस कसे काढायचे हे कुणी लिहून देत नाही. दर तीन तासांनी खाणं, गाडी चालवणं बंद, संकष्टी-एकादशी बंद. डायझॉक्साइड हे इन्शुलिन रोखणारं औषध सुरू केलं तर पायांवर सूज आणि अंगावर लव वाढते, ते आधी सांगून ठेवा. ऑक्ट्रिओटाइड हे त्याच कामाचं इंजेक्शन काहींची साखर आणखी पाडतं, म्हणून पहिला डोस भरती करूनच. आणि झोपताना दोन-तीन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात किंवा दुधात कालवून कच्चंच प्यायचं. ते पहाटेपर्यंत हळूहळू पचत राहतं. उकळून त्याची खीर केली की ते भराभर पचतं आणि पहाटेसाठी काही उरत नाही. बाजारात मक्याचं पिवळं पीठ मिळतं ते वेगळं, पुड्यावर पाहून पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअरच घ्या.